मूदिगांचा माग

स्वीडनमधल्या जुन्या लष्करी हजेरीपटाचं एखादं पान उघडलं की आपण शिपायांची यादी वाचतोय की सुभाषितांच्या पुस्तकाची अनुक्रमणिका, असा प्रश्न पडतो. एका नंबरला मूदिग, म्हणजे शूर. त्याच्या खाली त्रूफास्त, म्हणजे एकनिष्ठ. मग स्तादिग (स्थिर), राप (चपळ), ग्लाद (आनंदी), फ्रुम (पापभीरू), मिल्द (सौम्य). मध्येच एखादा स्व्हेर्द (तलवार) किंवा ब्योर्न (अस्वल) डोकावतो, तेवढाच बदल. आता सौम्य नावाचा शिपाई शत्रूचं काय करणार हा भाग वेगळा, पण मिल्द हे आडनाव आजही आहे. १९९४च्या विश्वचषकात तिसरा नंबर मिळवणाऱ्या स्वीडनच्या फुटबॉल संघात हॉकान मिल्द होताच.

आमच्या घरचं आडनाव मूदिग. म्हणजे नवऱ्याचं आणि मुलांचं. माझं अजून गोडबोलेच आहे, आणि गोडबोल्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला आडनावावरून स्वभाव ओळखू नये हे कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. सासरी मात्र याच्या नेमका उलटा निष्कर्ष चक्क चौकटीत घालून भिंतीवर टांगलेला होता. नवऱ्याच्या काकांनी तरुणपणी खपून तयार केलेला वंशवृक्ष. सर्वांत वर एक शिपाई, शेजारी पेनानं काढलेली तलवार, आणि खाली बापापासून लेकाकडे उतरत आलेले मूदिग. सोबत दंतकथा अशी की रशियाविरुद्ध १७८८ ते १७९० जी लढाई झाली, तिच्यात या मूळपुरुषानं पराक्रम गाजवला आणि कॅप्टननं खूश होऊन त्याला ‘शूर’ हे नाव बहाल केलं.

मुलीला शाळेत कुटुंबाचा इतिहास लिहायचा होता. ती काकांच्या तक्त्यावरून नक्कल करत होती, आणि मी शेजारी बसून तारखा बघत होते. एका मूदिगच्या जन्माच्या वेळी त्याच्या बापाचं वय भरत होतं तेरा वर्षं. नवरा म्हणाला, टायपिंगची चूक असेल. असेलही; पण मला राहवेना.

मागे कसं जायचं हे सांगण्याआधी ही शिपाईपद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. अकराव्या कार्ल राजानं १६८२पासून खडं सैन्य उभं करण्याची नवी व्यवस्था बसवली. सरसकट पकडून भरती करायची नाही. त्याऐवजी दोन-चार शेतं मिळून एक गट करायचा, त्याला म्हणायचं ‘रूते’, आणि प्रत्येक रूतेनं एक शिपाई कायम पुरवायचा. शिपायाला पगार थोडा, पण राहायला छोटं घर, थोडी जमीन, कपडालत्ता हे सगळं त्या शेतकऱ्यांनी द्यायचं. त्या घराला तोर्प म्हणतात. दीडशे रूते मिळून एक कंपनी, आठ कंपन्यांची एक पलटण, म्हणजे बाराशे माणसं. शांततेच्या काळात शिपाई आपल्या तोर्पात राहून शेती करायचा, ठरलेल्या दिवसांत कवायतीला जायचा, आणि तीनेक वर्षांतून एकदा मोठी तपासणी व्हायची. तिचे हजेरीपट आज लष्करी अभिलेखागारात आहेत.

घोळ व्हायचा तो नावांचा. त्या काळी शेतकऱ्यांना आडनावच नसे. बापाचं नाव आणि पुढे ‘सोन’, बाईला ‘दोत्तर’. दीडशे माणसांत डझनभर अँडर्स अँडरसन आणि तेवढेच पेर पेर्सन. कवायतीच्या मैदानात कॅप्टननं हाक मारली तर निम्मी रांग पुढे यायची. म्हणून भरती होताना शिपायाला एक आखूड, खणखणीत, ओरडता येईल असं नाव मिळायचं. कॅप्टन द्यायचा, कारकून लिहायचा. शस्त्रं, झाडं, प्राणी आणि सद्गुण, हा त्यांचा साठा. पराक्रम बघून नाव देण्याची वेळच नव्हती, कारण नाव पहिल्या दिवशी मिळायचं.

शोध मात्र उलट्या टोकानं सुरू करावा लागतो. जे नक्की माहीत आहे तिथून मागे. नवऱ्याचे आजोबा १९०९ साली नॉरशोपिंगला जन्मले, हे पक्कं. स्वीडनची जुनी चर्चदप्तरं स्कॅन केलेली आहेत आणि २०१८पासून राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर घरबसल्या फुकट वाचता येतात. १६८६च्या चर्चकायद्यानं प्रत्येक पाद्र्याला गावाची नोंद ठेवणं बंधनकारक केलं, आणि स्वीडिश पाद्र्यांनी ते काम असं इमानेइतबारे केलं की वाचताना हात जोडावेसे वाटतात. जन्माच्या वह्यांना सी, मृत्यूच्या एफ, स्थलांतराच्या बी. सगळ्यांत मौल्यवान त्या घरोघरच्या परीक्षेच्या वह्या. पाद्री दरवर्षी वस्तीवस्तीवर जाऊन प्रत्येकाला वाचता येतं का, ल्यूथरची छोटी प्रश्नोत्तरी पाठ आहे का, अर्थ कळतो का, हे तपासायचा आणि खुणा करायचा. त्याच ओळीत जन्मतारीख, जन्मगाव, देवीची लस, कुठून आला, कुठे गेला. आणि शेवटी शेऱ्याचा रकाना.

अक्षरानं सुरुवातीला घाम काढला. एकोणिसाव्या शतकात बराच काळ तिकडे जर्मन धाटणीचं गॉथिक वळण चालत होतं. मोडी लिपीशी झटापट केलेल्यांना अंदाज येईल. हात न उचलता ओढत नेलेली रेघ, आणि ‘ई’, ‘एन’, ‘आर’ सगळे एकाच दातांच्या कंगव्यासारखे. त्यात महिन्यांची गंमत. ‘७बीआर’ लिहिलेलं दिसलं की जुलै समजायचा नाही, तो सप्टेंबर. जुन्या रोमन मोजणीतला सातवा. सुदैवानं बरेच पाद्री माणसांची नावं सरळ लॅटिन वळणात लिहीत, त्यामुळे मूदिग हा शब्द पानावर लगेच उठून दिसायचा.

नॉरशोपिंग हे तेव्हाचं कापडगिरण्यांचं शहर, खेड्यापाड्यांतली माणसं तिथे लोंढ्यानं येत होती. आजोबांचे आजोबा तिथे सापडले. गिरणीकामगार, जन्म १८५६, खेड्यातून आलेले. शहरात आले तेव्हा वहीत नाव साधं अँडरसन. पुढच्या वहीत अँडरसन मूदिग. त्यानंतरच्या वहीत अँडरसन गळलं आणि नुसतं मूदिग उरलं. कुणी दिलं नव्हतं, त्यानं स्वतःच घेतलं होतं. गिरणीत अँडरसन किती असतील याचा विचार केला तर कारण शोधायला लांब जावं लागत नाही. बाप गावाकडे शिपाई होता, त्याचं नाव वापरायला मोकळं होतं, आणि ऐकायलाही बरं. शिपायाच्या मुलांना ते नाव आपोआप मिळत नसे. बरीच मुलं बापाच्या नावाचं ‘सोन’च लावत राहिली. १९०१ साली सक्तीची लष्करभरती आली आणि ही जुनी पद्धत गुंडाळायला घेतली गेली. आडनावांविषयीचा नियमही त्याच वर्षी निघाला आणि जे आडनाव ज्याच्याजवळ होतं ते पुढे तसंच गोठत गेलं. आमच्या गिरणीकामगारानं त्याआधीच आपलं उरकून घेतलं होतं.

आता खेड्यातल्या वह्या. तोर्पाचं पान सापडलं आणि तेरा वर्षांच्या बापाचा उलगडा होऊ लागला. एकाच घरात एकामागून एक तीन मूदिग. पहिला १७९१ साली भरती झालेला. दुसरा १८१९. तिसरा १८५०. काकांनी या तिघांना आजोबा, वडील, मुलगा अशा दोऱ्यात ओवलं होतं. पण तिघांची जन्मगावं वेगळी, तिघांच्या बापांची नावं वेगळी. रक्ताचा संबंध शून्य.

नाव माणसाचं नव्हतंच. ते रूतेचं होतं. शिपाई मेला किंवा निवृत्त झाला की शेतकरी नवा माणूस शोधून आणायचे, तो त्याच तोर्पात राहायला यायचा आणि बऱ्याचदा त्याच्या गळ्यात तेच नाव पडायचं. कारकुनाला सोपं, कॅप्टनला सोपं. शौर्य खुर्चीला चिकटलेलं असायचं म्हणा, बसणारा बदलत राहायचा. आपल्याकडच्या कुलकर्ण्याचं वतन निदान वंशात राहायचं. इथे तेही नाही.

पण मग मुलीच्या वहीत काय लिहायचं? नवरा थोडा हिरमुसला. मी लग्नांच्या वहीकडे वळले, आणि तिथे जे निघालं त्यानं मी त्या रात्री झोपलेच नाही.

शिपाई मेला की त्याच्या बायकोपोरांना तोर्प सोडावं लागे. घर नव्या शिपायाचं. हे किती कठोर होतं हे आजच्या हिशेबानं कळत नाही. गाय, बटाट्याचा तुकडा, छप्पर, सगळं एकदम जायचं. म्हणून विधवेनं नव्या शिपायाशीच लग्न करणं ही स्वीडनभर दिसणारी गोष्ट आहे. पहिला मूदिग १८१८ साली छातीच्या दुखण्यानं वारला. बायको चौतीस वर्षांची. पुढच्या वर्षी बावीस वर्षांचा नवा शिपाई आला, आणि त्याच वर्षी तिचं त्याच्याशी लग्न लागलं. नवरा तेरा वर्षांनी लहान. त्यांना १८२२ साली मुलगी झाली. पुढे १८५० साली हा दुसरा मूदिग निवृत्त झाला, म्हणजे पुन्हा घर जाणार. तिसरा शिपाई आला पंचवीस वर्षांचा, अविवाहित. वर्षाच्या आत या मुलीचं लग्न त्याच्याशी. पुढच्या वहीत त्याच घराच्या पानावर, तरुण जोडप्याच्या खाली, म्हातारा निवृत्त शिपाई आणि त्याची सहासष्ट वर्षांची बायको आश्रित म्हणून लिहिलेले आहेत.

म्हणजे रक्त होतं, पण ते त्या बाईच्या आणि तिच्या लेकीच्या वाटेनं आलं होतं. आणि त्या दोघी वहीत कधीच मूदिग नाहीत. एक पेर्सदोत्तर, दुसरी आपल्या बापाच्या नावानं. बायकांनी नवऱ्याचं नाव लावायची तेव्हा खेड्यात पद्धत नव्हती. काकांच्या तक्त्यात त्या तळटीप म्हणूनही नव्हत्या.

मग प्रश्न उरला तो शौर्याचा. हजेरीपट काढले. हे पट वाचायला चर्चदप्तरांपेक्षा सोपे, कारण रकाने ठरलेले: रूतेचा नंबर, नाव, वय, नोकरीची वर्षं, जन्मप्रांत, लग्न, उंची, शेरा. पहिला मूदिग भरती झाला १७९१ साली. रशियाशी तह झाला होता १७९०च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे ज्या लढाईतल्या पराक्रमाबद्दल नाव मिळालं म्हणतात ती संपल्यावर साहेब आले, आणि बंदूक हातात घ्यायच्या आधी शूर झाले. नंतर तरी काही? १८१४ साली नॉर्वेवर मोहीम गेली, ती स्वीडनची शेवटची लढाई. त्या वेळच्या पटात आमच्या शूराच्या नावापुढे दोनच शब्द: आजारी, घरी.

दुसऱ्याच्या नशिबी लढाई नव्हतीच. १८१४ नंतर स्वीडननं युद्ध केलेलं नाही. पण ज्यानं तीस वर्षं नोकरी केली त्यानं केलं काय? खोदलं. यॉटा कालवा. देशाच्या पूर्व किनाऱ्यापासून मोठ्या सरोवरांना जोडत पश्चिमेकडे जाणारा, १९० किलोमीटर लांबीचा, त्यातला ८७ किलोमीटर माणसांनी खणलेला. काम १८१० ते १८३२ चाललं आणि त्यावर सुमारे ५८,००० शिपाई राबले. ज्याच्या डोक्यातून हा कालवा निघाला तो बाल्ट्झार फॉन प्लातेन १८२९ साली गेला, काम पुरं झालेलं त्याला दिसलं नाही. शिपायांच्या हातात लोखंडी कड बसवलेली लाकडी फावडी, दिवसाला बारा तास. पटात आमच्या मूदिगच्या ओळीला उन्हाळ्यामागून उन्हाळे एकच शेरा: कालव्याच्या कामावर. लिन्शोपिंगजवळ बेर्ग इथे कालवा सरोवरात उतरतो. तिथे एकाखाली एक सात दरवाजांची पायरी आहे, होड्या त्यातून खाली सोडतात. दर उन्हाळ्यात आम्ही मुलांना घेऊन तिथे आइस्क्रीम खायला जातो. ती नेमकी पायरी त्यानं खणली असं मी म्हणत नाही. पण ओस्तरयोतलांदच्या, म्हणजे याच प्रांतातल्या, शिपायानं याच पट्ट्यात फावडं मारलं असणार.

याच माणसाचा स्वभाव दोन ठिकाणी लिहिलेला सापडतो आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात अशा आहेत. पाद्र्याच्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात: दारू पिऊन गोंधळ घातल्याबद्दल आणि रविवारचं पावित्र्य भंग केल्याबद्दल दंड. पाद्री हे विसरत नाहीत. पुढची वही उघडली तरी आधीचा दंड तिथे उतरवून घेतलेला असतो. आणि १८५०च्या हजेरीपटात, निवृत्त करताना: चांगली सेवा केली, निवृत्तिवेतनासाठी शिफारस. हे वेतन वादस्तेनाच्या सैनिक निधीतून मिळत असे. दंड झालेला माणूस आणि चांगली सेवा केलेला माणूस एकच. मला तो या दोन नोंदींमुळेच खरा वाटतो. ‘शूर’ या शब्दानं त्याच्याबद्दल काही सांगितलं नव्हतं.

तिसऱ्याबद्दल फार नाही. उंची ५ फूट ९ इंच, पण स्वीडिश मापानं. त्यांचा फूट २९.७ सेंटीमीटरचा, म्हणजे साधारण १७१ सेंटीमीटर. नवऱ्याची उंची काढून त्याच्याशी ताडून झालं. १८७९ साली निवृत्त. दंड नाही, कौतुकही नाही.

या सगळ्या भानगडीत मी इतर देशांतली गुणवाचक आडनावंही वाचत गेले. इंग्लंडमध्ये गुडमन, ट्रूमन. लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी २०१९चं नोबेल मिळालेले गुडइनफ, म्हणजे ‘पुरेसा चांगला’, हे मला सगळ्यांत प्रामाणिक आडनाव वाटतं. फ्रान्समध्ये ल बोन (भला) आणि प्रुदोम (सज्जन). जर्मनीत फ्रोम (पापभीरू) आणि रेडलिख (प्रामाणिक). ही बहुतेक मध्ययुगात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ठेवलेली नावं. कौतुकानं ठेवली की टोमणा म्हणून, हे आता कुणीच सांगू शकत नाही. लबाड माणसाला ‘सज्जन’ म्हणायची खोड फक्त आपल्या आळीतच होती असं थोडंच आहे? पण तिकडेही काही वेळा नाव वरून यायचं. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा योसेफ यानं १७८७ साली आपल्या राज्यातल्या ज्यूंना कायमची जर्मन आडनावं घ्यायला लावली, आणि एर्लिख (प्रामाणिक) हे ज्यू घराण्यांत पुष्कळ दिसतं. १९०८ सालचे वैद्यकातले नोबेलविजेते पाउल एर्लिख ज्यूच होते. त्यांच्या घराण्यात ते कसं आलं ते मी शोधलेलं नाही. स्वीडनचा फायदा एवढाच की नाव कधी दिलं, कोणत्या नंबरच्या घराला दिलं आणि त्या घरात कोण राहिलं, हे दप्तरात आहे. सहसा आडनावांचा उगम सांगणारे लोक शब्दाचा अर्थ सांगून थांबतात. तिथे थांबू नये असं मला वाटतं. अर्थ शब्दकोशात मिळतो, माणूस मिळत नाही.

काकांना हे कळवायचं कसं, यावर घरात दोन मतं होती. सासऱ्यांचं म्हणणं, ऐंशी उलटलेल्या माणसाची तलवार काढून घेऊ नये. सासूबाई म्हणाल्या, पानं पाठवा, त्यांना वाचता येतं. मी पानं पाठवली. आठवडाभर शांतता. मग फोन आला. दंडाची ओळ त्यांनी तीनदा वाचली होती, आणि तिच्यातला एक शब्द मी चुकीचा लावलाय असं त्यांना दाखवायचं होतं. तिथे ‘गोंधळ’ नाही, नुसतं ‘दारू’. पंधरा मिनिटं आम्ही एका अक्षराच्या शेपटीवर वाद घातला. बाकी सगळं त्यांनी मान्य केलं होतं, नव्हे, नवा तक्ता काढायलाही घेतला होता. त्यात पेर्सदोत्तर सर्वांत वर आहे, तिच्या दोन्ही बाजूंना दोन नवरे. तलवार मात्र आहे. तिच्याबद्दल मी काही बोलले नाही.

मुलीच्या वर्गात तिच्या निबंधाला चांगले गुण मिळाले, पण शिक्षिकेनं विचारलं म्हणे, की तीन नवऱ्यांपैकी मूदिग कोण? पोरीनं सांगितलं, तिघंही, आणि कुणीच नाही. (नवरे दोनच होते, तिसरा जावई. ते तिला परत समजावून द्यावं लागलं.)

एक पान अजून काकांना गेलेलं नाही. १७९१च्या आधीच्या हजेरीपटात त्याच नंबरच्या रूतेवर जो शिपाई होता, त्याचं नाव मूदिग नाही. नव्या कॅप्टनला जुनं नाव आवडलं नसावं. त्या पटात आसपासची बरीच नावं एकदम बदललेली दिसतात. जुनं नाव आहे ब्लुम, म्हणजे फूल. कॅप्टन बदलला नसता तर आज आम्ही फूल झालो असतो. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, काकांचं नवं चित्र पुरं होऊ दे, मग बघू.